तीन नंबर रिकामं

आमच्या कंपनीत टीव्ही बसला तेव्हा बायकांना वाटलं, आता जेवणाच्या सुट्टीत मालिका बघायला मिळणार. काशीबाईंनी तर मला विचारूनही घेतलं, रिमोट कोणाच्या ताब्यात राहणार म्हणून. मी नुसती हसले. त्या टीव्हीवर काय दिसणार हे मला आधीच ठाऊक होतं, कारण ते माझ्याच टेबलावरच्या कॉम्प्युटरमधून तिकडे जायचं होतं.

शिवडीला बंदराच्या अंगाला आमचं कोल्ड स्टोरेज होतं. कोळंबी, पापलेट, माकुल असा माल भाऊच्या धक्क्यावरून यायचा, साफ होऊन खोक्यांत भरला जायचा, चार मोठ्या चेंबरांत उणे अठराच्या खाली गोठून पडायचा आणि मग कंटेनरमधून परदेशी जायचा. पूर्वी त्याच गोदामात कुठल्याशा मिलच्या कापसाच्या गाठी असत. मिलची आणि माझी गाठ जुनी. परळच्या एका मिलच्या ऑफिसात मी टायपिस्ट होते. संप केला कामगारांनी, पण सुक्याबरोबर ओलंही जळतं तसं ऑफिसही बंद पडलं. दीड वर्ष मी रोज गिरगावातून उठून मिलच्या फाटकापर्यंत जाऊन परत येत असे, आज तरी उघडेल म्हणून. फाटक काही उघडलं नाही. ती भीती एकदा अंगात शिरली की बाहेर पडत नाही. पुढे चार ठिकाणी नोकऱ्या केल्या, कॉम्प्युटर शिकले, संपाला वीस वर्षं होऊन गेली, तरी साहेबांनी अवेळी बोलावलं की आधी ते बंद फाटक डोळ्यांपुढे येतं ते येतंच.

तर ते नवं सॉफ्टवेअर. कोणतं खोकं कोणत्या चेंबरात कुठल्या ओळीत आहे, कोणत्या दिवशी किती माल भरायचा, कोणत्या ऑर्डरीला कुठला माल आधी काढायचा, हे सगळं ते ठरवायचं. त्याच्यातून चिठ्या निघायच्या. एक चिठी म्हणजे एक खेप. प्रत्येक चिठीवर एका बाईचा बिल्ला नंबर. ती बाई ढकलगाडी घेऊन चेंबरात शिरणार, चिठीतली खोकी काढणार आणि कंटेनर लागतो त्या आमच्या बाहेरच्या धक्क्यावर आणणार. तिथे एक माणूस चिठीवर लाल उजेडाचं पिस्तूल मारायचा. पीं वाजलं की खेप पुरी. एखाद्या चेंबरातल्या सगळ्या चिठ्या पुऱ्या झाल्या की माझ्या पडद्यावर त्या चेंबराचा चौकोन हिरवा व्हायचा आणि त्यात अक्षरं यायची, ‘रिकामं’. म्हणजे माल संपला असं नव्हे. आत माणूस उरलं नाही, आता दार लावा, असा त्याचा अर्थ. सॉफ्टवेअर बसवायला आलेली मुलं मोठ्या अभिमानाने म्हणाली होती, की आता कोणी आत अडकायची भीतीच नाही, मशीन माणसं मोजतं.

मशीन माणसं मोजत नव्हतं. ते चिठ्या मोजत होतं. हे आज मी फार शहाणपणाने लिहिते आहे, पण तेव्हा हा फरक आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आला नव्हता.

आणि टीव्हीवर नावं यायची. कोणाची खेप किती वेळात झाली त्याप्रमाणे वरून खाली सगळ्या बायकांची नावं, आणि सर्वांत खालची तीन लाल. शनिवारी जी तीन नावं लाल असतील त्यांना पुढचा आठवडा काम नाही. असा नियम कुठे छापलेला नव्हता. मुकादम नुसता म्हणायचा, पुढच्या आठवड्यात आराम करा. रोजंदारीवरच्या बाईला आरामासारखी शिवी नाही. जेवणाच्या सुट्टीत या बायका पूर्वी इतक्या कलकलाट करायच्या की मला केबिनचं दार लावून घ्यावं लागे. टीव्ही आल्यापासून त्या जेवताना वर बघायच्या आणि पटापट घास गिळायच्या.

काशीबाई शिवडीच्याच कोळीवाड्यातल्या. पंचावन्न कधीच उलटलेली, गुडघे गेलेले. एके काळी डोक्यावर पाटी घेऊन लालबागच्या चाळी चढायच्या. खाडीतली मासळी आटली, मुलाने होडी विकली आणि बाई आमच्याकडे आल्या. टीव्ही बसला त्या पहिल्या आठवड्यात त्यांचं नाव लाल होतं, आणि मला वाटलं, झालं, म्हातारी गेली. पण पुढे ते हळूहळू वर सरकलं आणि मधेच कुठेतरी टिकून राहिलं. मला कौतुक वाटलं. कोळणीचं हाड, म्हटलं, असं नाही ऐकायचं.

त्या शुक्रवारी सगळ्यांचीच धावपळ होती. दुपारी कंटेनर लागायचा होता आणि घेणाऱ्या कंपनीचा तपासनीस येऊन खोक्यांत थर्मामीटर खुपसून बघणार होता. सकाळभर दुसऱ्या ऑर्डरींचा माल काढण्यासाठी दार उघडमीट झाल्यामुळे तीन नंबरच्या चेंबरातली थंडी कमी झाली होती. आमचे मॅनेजर रघुवीर साहेब, वय जेमतेम पस्तिशीचं, दादरला राहणारे, स्वभावाने वाईट नव्हेत पण सदा घाबरलेले. त्यांनी आखलं होतं की जेवणाच्या सुट्टीआधी तीन नंबरमधलं काम संपवायचं, दार बंद करायचं, पंखे पूर्ण सोडायचे आणि कंटेनर लागेपर्यंत कोणी दाराला हात लावायचा नाही. दार उघडलं की कॉम्प्युटरात त्याची नोंद व्हायची आणि तो कागद तपासनीसाला दाखवावा लागायचा. मागच्या महिन्यात एक कंटेनर परत आला होता. पुन्हा आला तर साहेबांचीच खुर्ची जाणार, हे अख्ख्या कंपनीला माहीत होतं.

सुट्टीची घंटा व्हायच्या आधी तीन नंबरचा चौकोन हिरवा झाला. मी केबिनच्या खिडकीतून हात केला. धोंडूमामा दाराशीच होते. हे मामा संपाआधी एका मिलच्या फाटकावर होते आणि दार लावण्याची त्यांची एक पद्धत होती. ते मान आत घालायचे आणि मोठ्याने हाक द्यायचे, कोण हाय का आत, कडी घालतोय. थांबायचे, पुन्हा तीच हाक द्यायचे, आणि मगच कडी घालायचे. मशीन आल्यावर साहेबांनी त्यांना सांगितलं होतं की मामा, आता ओरडायची गरज नाही. मामांनी हो म्हटलं आणि ओरडायचं काही सोडलं नाही. त्या दिवशीही त्यांनी दोनदा हाक दिली. मी माझ्या कानांनी ऐकली. आतून काही उत्तर आलं नाही. मामांनी दिवा मालवला, कडी घातली आणि पंख्यांची घरघर सुरू झाली.

जेवणाची सुट्टी अर्धी सरली असेल, दुर्गा माझ्या केबिनच्या दारात येऊन उभी राहिली. ही लालबागची, मिल कामगाराची मुलगी, सगळ्यांत चलाख. टीव्हीवर पहिल्या पाचात तिचं नाव ठरलेलं. तिचे वडील संपानंतर पुन्हा कामावर लागलेच नाहीत. चाळीच्या गॅलरीत बसून राहायचे आणि तसेच बसल्या बसल्या गेले, असं तिनेच एकदा सांगितलं होतं. तिने विचारलं, काशीमावशी इथे आली होती का. मी म्हटलं, नाही. तिचा डबा तसाच पडलाय, ती म्हणाली, उघडलासुद्धा नाही.

मी पडदा बघितला. काशीबाईंची शेवटची खेप तीन नंबरमधली, चिठी पुरी झालेली, धक्क्यावर पिस्तूल मारलेलं. मी तिला तसं सांगितलं. बाहेर आल्यात, कोळीवाडा हाकेच्या अंतरावर आहे, गेल्या असतील घरी. दुर्गा गेली. मी डबा उघडला. पहिला घास तोंडाशी नेला तोच ती परत आली. ती धावत घरापर्यंत जाऊन आली होती, तिथे कुलूप होतं. मोरीत, साफसफाईच्या हॉलमध्ये, धक्क्यावर, सगळीकडे बघून झालं होतं.

“बाई, मावशी गावत नाय,” ती म्हणाली. “तीन नंबर उघडायला सांगा ना.”

मी पुन्हा पडद्याकडे बोट केलं. तीन नंबर हिरवं होतं. मी तिला जरा चढ्या आवाजातच समजावलं, की चिठी पुरी झाल्याशिवाय हिरवं होत नाही, आणि गाडी बाहेर आल्याशिवाय चिठी पुरी होत नाही, आणि गाडी काय आपल्या पायांनी बाहेर येते का?

दुर्गाने मागे वळून बघितलं. बाकीच्या बायका हॉलमध्ये होत्या आणि सगळ्यांची तोंडं आमच्याकडे होती. कोणी जेवत नव्हतं. दुर्गाने केबिनचं दार लोटलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, “मावशीची गाडी मी आणली, बाई. रोज मीच आणते.”

मला एकदम समजलं नाही. मग तिने तुटक तुटक सांगितलं. टीव्हीवर लाल नावं यायला लागली तेव्हा बायकांनी आपसात ठरवलं, की म्हाताऱ्या आणि आजारी बायकांना खाली जाऊ द्यायचं नाही. ज्यांच्या अंगात जोर आहे त्यांनी दोन गाड्या ढकलायच्या, एक आपली आणि एक त्यांची. काशीबाई, आणखी तीन-चार जणी, त्यांच्या गाड्या या पोरी आलटून पालटून आणायच्या; पिस्तूलवाला चिठी बघायचा, बाईचं तोंड नाही. त्या बदल्यात म्हाताऱ्या आत थांबून पोरींच्या पुढच्या चिठीची खोकी काढून ठेवायच्या, पडलेली थप्पी लावायच्या, आणि मग पुढच्या घोळक्यात मिसळून रिकाम्या हाताने बाहेर यायच्या. लाल तर कोणीतरी तीन जणी होणारच होत्या. मग दर आठवड्याला ज्यांच्या घरात दुसरा कमावता आहे अशा तिघींनी आळीपाळीने लाल व्हायचं, हेही त्यांनीच ठरवलेलं. मिलमध्ये माणसं एकमेकांची बदली घ्यायची तसंच हे. माझ्या पडद्यावर इतके महिने जी नावं वरखाली होत होती, ती या बायका वरखाली करत होत्या.

“आज शेवटची गाडी मावशीचीच होती,” दुर्गा म्हणाली. “मागून घोळका नव्हता. मला वाटलं, ती माझ्या पाठीच आहे.”

मी सांगते, ज्या पडद्यावर मी देवासारखा विश्वास टाकला होता त्याच्याकडे बघायचीही मला त्या क्षणी भीती वाटली. चौकोन हिरवाच होता. त्याच्या खाली तीन नंबरचं तापमान दिसत होतं आणि ते माझ्या डोळ्यांदेखत आणखी एक अंश खाली गेलं. आतून दार उघडायला एक मूठ होती, ती फिरवली की बाहेरची कडी निघायची, पण तिच्यावर बर्फ धरायचा. आतून मदतीसाठी वाजवायची घंटा तर पावसाळ्यापासून बंद होती आणि तिच्या दुरुस्तीचा अर्ज मीच टाईप केला होता. पंख्यांच्या वाऱ्यात उणे वीस म्हणजे काय, ते मला माहीत होतं. एकदा नुसतं कुतूहल म्हणून आत गेले होते आणि पाच मिनिटांत माझ्या पापण्या चिकटल्या होत्या. काशीबाईंच्या अंगात कंपनीचा जाड कोट होता, पण कोपरावर फाटलेला, आणि पायांत रबरी बूट, आणि साठीला आलेलं अंग.

मी उठले तशी दुर्गाने माझा हात धरला. साहेबांना गाड्यांचं सांगू नका, ती म्हणाली, काहीतरी दुसरं सांगा. सगळ्यांचं काम जाईल. मी म्हटलं, बघते.

साहेब फोनवर होते, तपासनीस दादरपर्यंत पोचला होता. मी म्हटलं, तीन नंबर एकदा उघडायला हवं. त्यांनी फोनवर हात ठेवून विचारलं, का? मी म्हटलं, काशीबाई सापडत नाहीत. त्यांनी आपल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरात बघितलं, जे मला दिसलं तेच त्यांना दिसलं, आणि ते म्हणाले, “कालिंदीबाई, सिस्टीम रिकामं सांगतेय. आत्ता दार उघडलं तर नोंद होईल. मी त्या माणसाला काय सांगू, आमची एक बाई डबा न खाता कुठेतरी गेली?”

मी म्हटलं, सिस्टीम चुकू शकते. त्यांनी विचारलं, कशी? खरं कारण सांगितलं तर बाहेरच्या वीस बायकांच्या चुली विझणार, न सांगितलं तर दार उघडणार नाही. तिसरं काही मला सुचेना. खोटं बोलायची सवय लागते, ती मला कधी लागली नाही. मी नुसती उभी राहिले आणि मनात पंख्यांची घरघर ऐकत राहिले.

तेवढ्यात दुर्गा आत आली. साहेबांच्या केबिनमध्ये ती पहिल्यांदाच येत होती, तिने चपला बाहेर काढल्या होत्या. तिने सगळं सांगून टाकलं, मला सांगितलं त्याहून नीट सांगितलं, कोणाचंही नाव न घेता. फक्त स्वतःचं घेतलं. म्हणाली, सगळ्या म्हाताऱ्यांच्या गाड्या मी एकटीच आणते, माझंच काम काढा, पण दार उघडा.

साहेबांचा चेहरा पांढरा झाला. मला वाटलं, आता ते धावणार. पण त्यांना तपासनीस दिसत होता, परत आलेला कंटेनर दिसत होता आणि आपली खुर्ची दिसत होती. घाबरलेला माणूस आधी पुरावा शोधतो. त्यांनी धोंडूमामांना बोलावलं आणि विचारलं, कडी घालण्याआधी आत बघितलं होतं का. मामा म्हणाले, दिवा होता तोवर दारातून बघितलं, मागच्या थप्प्यांआडचं दिसत नाही, पण हाक मारली. दोनदा मारली. कोणी ओ दिली नाही.

“नक्की?”

“देवाशप्पथ साहेब. ह्या बाईंनी पण ऐकली असंल.”

ऐकली होती. मला हो म्हणावं लागलं. आणि साहेबांच्या चेहऱ्यावर थोडं रक्त परत आलं. ते म्हणाले, मग झालं तर, आत माणूस असतं तर ओरडलं नसतं का? दारात हाक मारतायत, आता कडी लागणार हे कळतंय, आणि कोण गप्प बसेल? त्यात खोट काढण्यासारखं काहीच नव्हतं. क्षणभर मला स्वतःलाच ते पटलं, आणि खोटं कशाला बोलू, हायसं वाटलं. बाई कुठल्या तरी ओळखीच्या घरी टेकली असेल. संध्याकाळी येईल, आम्ही सगळे तिच्यावर ओरडू. मी दुर्गाकडे बघितलं. हायसं तिला वाटलं नव्हतं. उलट मामांचं बोलणं ऐकल्यावर ती जास्तच घाबरली होती, आणि का ते मला कळेना.

“तरी पण उघडा,” ती म्हणाली. “मामा, तुमच्या पाया पडते.”

मामांनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. मामा तीन नंबरकडे चालायला लागले. साहेबांनी त्यांना थांबवलं नाही, हो असंही म्हटलं नाही. ते आमच्या मागोमाग आले.

हॉलमधल्या सगळ्या बायका उठून उभ्या राहिल्या होत्या. मामांनी कडी काढली, दार ओढलं, आणि थंड वाफेचा लोट आमच्या पायांवर आला. माझ्या टेबलावर कॉम्प्युटर कोकलायला लागला, दार अवेळी उघडलं म्हणून. मामांनी दिवा लावला. समोर कोणी नव्हतं. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत खोक्यांच्या थप्प्या, मधे अरुंद बोळ, सगळीकडे पांढरं. दुर्गाने कोटही घातला नाही, ती तशीच मावशी मावशी करत आत घुसली. काही ऐकू आलं नाही. मी दारातच उभी होते. माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगते. आत कोणी नसू दे, असं मी म्हणत होते, आणि असेल तर जिवंत असू दे, असं म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती.

मग दुर्गा आतून रडल्यासारखं काहीतरी म्हणाली. मामा धावले, त्यांच्यामागे साहेब.

काशीबाई दाराच्या भिंतीलाच लागून असलेल्या कोपऱ्यात होत्या, दारातून बघितलं तर जो भाग दिसत नाही तिथे. दुर्गा मागच्या भिंतीपर्यंत जाऊन परतताना तिला त्या दिसल्या. त्यांनी चार-पाच खोकी रिकामी करून त्यांचा पुठ्ठा अंगाभोवती आणि पायांखाली घेतला होता आणि गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या. कासोट्याच्या लुगड्याचा पदर तोंडावरून गुंडाळलेला, त्याच्यावर श्वासाचं दव गोठून कडक झालेलं. डोळे मिटलेले. साहेबांनी त्यांना उचललं. मला वाटलं नव्हतं त्यांच्या अंगात इतका जोर असेल. त्यांनी त्यांना तसंच उचलून धक्क्यावर उन्हात नेलं, आणि नेताना ते सारखं म्हणत होते, मावशी, अहो मावशी. टॅक्सी बोलावा असं कोणीतरी ओरडलं. एक बाई धावत रस्त्याकडे गेली.

बायकांनी काशीबाईंचे बूट काढले. बोटं पांढरीफटक होती. काही जणी तळवे चोळायला लागल्या, दुर्गाने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, कोणीतरी चहा आणला, पण ओठच उघडेनात. बराच वेळ काहीच नाही. मग छाती हलताना दिसली आणि एक हुंदका आला, तो त्यांचा नव्हता, धोंडूमामांचा होता. मामा कठड्याला धरून उभे होते.

साहेब त्यांच्यावरच तुटून पडले. इतका वेळ पोटात ठेवलेली भीती कुठेतरी ओतायला हवीच होती. म्हणाले, हाक मारली म्हणता ना? देवाची शपथ घेतलीत ना? म्हातारं माणूस दारापाशी असताना ऐकू आलं नाही तुम्हाला? मामा नुसते मान हलवत राहिले. मी सांगायला गेले की मीही ऐकली होती, तर साहेब म्हणाले, तुम्ही मधे पडू नका. मामांचं काम गेलं, हे सगळ्यांना कळून चुकलं.

काशीबाईंनी डोळे उघडले. आधी वर बघितलं, मग दुर्गाकडे. त्यांचा एक हात वर आला, साहेब बोलत होते त्या दिशेने. शब्द फुटायला वेळ लागला. दात वाजत होते.

“त्याला नको बोलू,” त्या म्हणाल्या. “त्याने मारली हाक.”

साहेब खाली वाकले. मावशी, तुम्हाला ऐकू आली होती?

“आयकली. दोनदा आयकली.”

“मग ओ का नाही दिलीत?”

काशीबाईंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. दुर्गाकडेच बघून त्या अडखळत बोलत राहिल्या, जणू चूक कबूल करायची ती तिच्याजवळ. “माझी गाडी भायेर गेलेली. नि मी आत. ओ देली असती तर धोंडूला कललं असतं, साहेबाला कललं असतं. तुमची सगल्यांची नावं गेली असती गो. म्हटलं, तो जेवाया गेला का मूठ फिरवून गुपचूप निगायचं.” मग त्या म्हणाल्या, “मूठ फिरलीच नाय.”

साहेब तसेच वाकून राहिले. रस्त्यावर टॅक्सी येऊन थांबली होती आणि तिचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

मी बायकांकडे बघितलं. वीस जणी कोंडाळं करून उभ्या होत्या, बहुतेकींच्या डोळ्यांत पाणी होतं. पण काशीबाईंचं बोलणं ऐकून त्यांच्यापैकी एकीलाही नवल वाटलेलं नव्हतं. तिथे नवल फक्त साहेबांना वाटलं होतं, आणि मला.